जुनी माझदा एमएक्स-५: घेताना, दुरुस्त करताना, चालवताना

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि गाड्यांची मनापासून आवड असणाऱ्या मराठी माणसाने पहिली जुनी स्पोर्ट्स कार कोणती घ्यावी, या प्रश्नाला माझ्या मते एकच समंजस उत्तर आहे, आणि ते म्हणजे माझदा एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आलेली ही दोन आसनांची, उघडझाप होणाऱ्या कापडी छताची गाडी जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेली, १९९० पासून ब्रिटनमध्ये मिळू लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा गाठला. इतक्या संख्येने निघालेल्या गाडीचे सुटे भाग तीस वर्षांनंतरही मुबलक मिळतात, तिचा प्रत्येक दोष कोणीतरी आधीच शोधून ठेवलेला असतो, आणि साध्या पान्यांच्या संचावर तिची निम्म्याहून अधिक कामे घरच्या घरी होतात. पुढील विवेचन प्रामुख्याने १९९७ पर्यंतच्या पहिल्या पिढीविषयी आहे, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणारे हेडलाइट असलेल्या गाडीविषयी; १९९८ ते २००५ या काळातील दुसऱ्या पिढीलाही त्यातील बहुतेक भाग लागू पडतो.

भारतातील वाचकांना माझदा हे नाव माहीत असेल ते स्वराज माझदाच्या ट्रक-बसमुळे. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणण्यास आयातीचे नियम आडवे येतात, तेव्हा मायदेशी परतताना ती सोबत नेण्याचा बेत कोणी मनात धरू नये.

या गाडीचे काम करताना क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. गाडी दारात आली की माणूस प्रथम पॉलिश, नवी अलॉय चाके आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यांच्या मागे लागतो, कारण ती कामे डोळ्यांना दिसतात. एमएक्स-५ च्या बाबतीत आधी पत्रा, मग पाण्याचा निचरा, मग ऑइल आणि रबर, त्यानंतर ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर, आणि सर्वांत शेवटी रंग असा क्रम पाळावा. याचे कारण सरळ आहे. हिचे इंजिन दणकट आहे, गिअरबॉक्स दणकट आहे, आणि ते बिघडलेच तर दुसरे वापरलेले आणून बसवता येते. परंतु सांगाडा गंजला तर वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

खरेदीपूर्वीची तपासणी

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी चाचणी, म्हणजे रस्त्यावर चालण्यास ती सुरक्षित आहे की नाही याची तपासणी, द्यावी लागते, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील या चाचण्यांचा २००५ पासूनचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर केवळ गाडीचा नंबर टाकून विनामूल्य पाहता येतो. गाडी पाहायला जाण्यापूर्वी हा इतिहास पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत वाचावा. पास-नापास यापेक्षा परीक्षकाने लिहिलेल्या सूचना अधिक बोलक्या असतात. दाराखालच्या पत्र्याविषयी ‘मागील सिल किंचित गंजलेली’ अशी सूचना लागोपाठ काही वर्षे येते आणि मग एका वर्षी अचानक नाहीशी होते, तेव्हा मधल्या काळात एकतर रीतसर वेल्डिंग झालेले असते किंवा गंजावर काळा डांबरी लेप थापलेला असतो. वेल्डिंग झाले असेल तर मालकाकडे बिल आणि शक्यतो काम चालू असतानाचे फोटो असतात, ते मागावेत. त्याच नोंदींमध्ये मैलांचा आकडा दरवर्षी किती वाढला हेही दिसते.

प्रत्यक्ष पाहणी सिलपासून सुरू करावी. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दाराखालून जाणारा पत्र्याचा पोकळ भाग म्हणजे सिल. उघड्या छताच्या गाडीत वरून आधार देणारे छप्पर नसल्यामुळे सांगाड्याच्या मजबुतीचा मोठा भार याच भागावर येतो. गंज लागतो तो त्याच्या मागच्या टोकाला, मागील चाकाच्या अगदी पुढे, जिथे सिल, चाकाची कमान आणि आतला पत्रा असे थर एकत्र येतात. तिथे रंगाखाली बारीक फोड दिसत असतील तर आतून पत्रा बराच खाल्ला गेला आहे असे समजावे, कारण हा गंज आतून बाहेर येतो. गुडघ्यावर बसून अंगठ्याने खालची कड दाबावी, टॉर्चने चाकाच्या कमानीच्या आत पाहावे, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक सिलवरून हळूहळू फिरवावे. पुट्टी भरलेली असेल तिथे चुंबकाची पकड सुटते. बॉनेटवर मात्र चुंबक चिकटत नाही म्हणून घाबरून जाऊ नये, कारण या गाडीचे बॉनेट मुळातच ॲल्युमिनियमचे आहे. चकचकीत रंग पाहून एमएक्स-५ घेणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाड्याचा ताजा गिलावा पाहून सौदा करण्यासारखे आहे.

सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बसवलेले असते त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाड्याचा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी एमओटीत नापास होते. सिलचे मागचे टोक नेमके याच अंतरात येते, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करून काही वर्षे ढकलण्याची सोय इथे नाही. दुसऱ्या पिढीची गाडी पाहत असाल तर बॉनेटखाली पुढे जाणाऱ्या दोन्ही चौकोनी चासी-नळ्याही खालून पाहाव्यात, कारण त्या आतून गंजतात आणि वरून काहीच दिसत नाही.

जपानमधून आयात झालेल्या युनोस गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच मीठ गाड्यांचा पत्रा खाते; जपानच्या बऱ्याच भागांत ते टाकले जात नसल्याने ताजी आयात केलेली गाडी खालून आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ निघते. पण पंचवीस वर्षांपूर्वी आयात होऊन ब्रिटनच्या हिवाळ्यांत रोज वापरली गेलेली युनोस ही इथल्या गाडीइतकीच गंजलेली असू शकते, तेव्हा ‘जपानी आयात’ या शब्दांना स्वतंत्र भाव देऊ नये. अशा गाडीला मागे धुक्याचा दिवा आणि मैलांत वाचता येणारा वेगमापक आहे ना, हे पाहावे, आणि विमा कंपनी आयात गाडीला काय दर लावते हे आधीच विचारून ठेवावे.

इंजिनमध्ये पाहण्यासारखी एक खास गोष्ट आहे. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते, आणि त्यावरील पुलीचा बोल्ट कधी काळी नीट आवळला गेला नसेल तर पुलीला शाफ्टवर अडकवून धरणाऱ्या लोखंडी खिट्टीची खाच झिजून पुली डगमगू लागते. पुढच्या पुलीवर चार खाचा असतील तर टोक आखूड, आठ असतील तर पुढचे सुधारित. आखूड टोकाची गाडी सरसकट टाळावी असे मी म्हणणार नाही, कारण त्यातील असंख्य गाड्या आजही व्यवस्थित धावत आहेत. पण इंजिन चालू असताना पुली सरळ फिरते की हेलकावते हे दोन मिनिटे उभे राहून जरूर पाहावे.

गाडी पाहायला जाताना ती आधी सुरू करून ठेवू नका असे मालकाला सांगावे. थंड इंजिन सुरू झाल्यावर वरच्या बाजूने टकटक आवाज आला आणि तो काही वेळात थांबला तर तो हायड्रॉलिक टॅपेटांचा, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हवरच्या भागांचा असतो आणि ताज्या ऑइलने बहुधा कमी होतो. थंड असताना दुसरा गिअर थोडा अडून पडणे हाही या गाडीचा स्वभाव आहे. गरम झाल्यावरही तो खरखरत असेल तर मात्र सिंक्रो, म्हणजे गिअर सहज पडावेत म्हणून त्यांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा, झिजले आहेत.

कागदोपत्री खर्चाचाही विचार आधीच व्हावा. १ मार्च २००१ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा वार्षिक कर इंजिनच्या आकारावर ठरतो आणि त्यातील सीमारेषा १,५४९ सीसीची आहे. एमएक्स-५ चे लहान इंजिनही १,५९७ सीसीचे असल्यामुळे ती वरच्या दरात जाते. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे: ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारे क्षेत्र, महानगराच्या सर्व बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांमध्ये) लागू झाले असून पहिल्या पिढीच्या गाडीला तिथे फिरवण्यासाठी साधारणतः दिवसाला १२.५० पौंड मोजावे लागतात. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक गाड्यांना यातून सूट आहे, परंतु सर्वांत जुन्या एमएक्स-५ देखील त्या वयाला पोहोचायला अवकाश आहे.

पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात करायचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे आहे. कापडी छतावर पडलेले पाणी मागच्या कडेने एका पन्हाळीत जमते आणि सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबाशी असलेल्या छिद्रांतून नळीवाटे मागील चाकांच्या पुढे खाली पडते. या नळ्यांत पाने, माती आणि शेवाळ साचले की पाणी तुंबते, आणि तुंबलेले पाणी एकतर गालिच्याखाली उतरते किंवा सिलच्या पोकळीत जाते. एमएक्स-५ च्या सिल गंजण्याचे फार मोठे कारण हेच आहे. मीठ बाहेरून जे करते ते हे पाणी आतून करते.

तपासायची रीत सोपी आहे. छत अर्धे उघडून टॉर्चने ती छिद्रे शोधावीत, कचरा बोटांनी किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावा, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओतून पाहावे. पाणी चाकाच्या पुढे लगेच धारेने पडले पाहिजे. पडले नाही तर गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तशी जाड प्लास्टिकची दोरी वरून हळूहळू आत सारावी. टोकदार लोखंडी तार कधीही घालू नये, कारण नळीला आत भोक पडले तर पाणी थेट सिलमध्ये जाते आणि ते कोणाला कळतही नाही. हे काम वर्षातून दोनदा करावे, आणि गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानगळीच्या दिवसांत त्याहून अधिक वेळा.

त्याच वेळी दोन्ही सीट काढाव्यात. प्रत्येक सीटला चार बोल्ट असतात. गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. ओल असेल तर गालिचा बाहेर काढून पूर्ण वाळू द्यावा, कारण वरून कोरडा दिसणारा गालिचा आतल्या जाड अस्तरात कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. डिकीचा तळही पाहावा. या गाडीची बॅटरी डिकीत असते, आणि मूळ बॅटरी बंद प्रकारची असून तिला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडलेल्या असतात. पैसे वाचवण्यासाठी कोणी तिथे साधी बॅटरी ठेवली असेल तर तिच्या आम्लाच्या वाफांनी खालचा पत्रा खाल्लेला असू शकतो.

सिलमध्ये खरोखर भोके पडली असतील तर ते काम जाणत्या वेल्डरकडे द्यावे आणि त्याला एकच अट घालावी: गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, आतला थर आधी दुरुस्त करायचा आणि मगच बाहेरचा पत्रा सलग वेल्डने बसवायचा. जुन्या गंजावर नवा पत्रा ठोकून वर पुट्टी भरण्याचे काम निम्म्या पैशांत होते आणि दोन हिवाळ्यांत पुन्हा उघडे पडते. वेल्डिंगनंतर, तसेच पत्रा अजून शाबूत असेल तरीही, सिलच्या पोकळीत लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीसाठीचे पातळ मेण मारून घ्यावे. उबदार, कोरडा दिवस निवडावा, म्हणजे मेण सांध्यांत झिरपते, आणि मारून झाल्यावर खालची निचऱ्याची छिद्रे त्यानेच बुजली नाहीत ना हे पाहावे.

इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स

मागील मालकाने काय केले याचा लेखी पुरावा नसेल तर काहीच केलेले नाही असे धरून चालावे. सर्व द्रव एकदाच बदलून टाकले की पुढचा हिशेब आपल्या हाती राहतो. इंजिनात फिल्टरसह सुमारे साडेतीन लिटर १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० ऑइल बसते. पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दोन लिटर ७५डब्ल्यू-९० ऑइल लागते आणि ते जीएल-४ प्रतीचे असावे, कारण जीएल-५ मधील काही रसायने सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीत, मात्र जीएल-५ च हवे आणि ते फार तर एक लिटर लागते. बहुतेकांना ठाऊक नसलेली एक जागा म्हणजे गिअरच्या दांड्याखालची वाटी. तिच्यात स्वतंत्रपणे थोडे ऑइल असते आणि वरचे रबरी बूट फाटले की ते आटते. वाटी साफ करून ऑइल भरले आणि बूट बदलले की गिअर टाकण्याचा तो आखूड, खटकेबाज आनंद परत येतो. शिवाय फाटक्या बुटातून केबिनमध्ये येणारी उष्णता आणि आवाजही थांबतो.

टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांवर, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटरवर बदलायचा असतो. आजकाल या गाड्या फार कमी चालतात, त्यामुळे मैलांपेक्षा वर्षे मोजावीत. दहा वर्षांत बदलल्याची नोंद नसेल तर बदलावा. पहिल्या पिढीच्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, हा मोठा दिलासा आहे, पण गाडी हमरस्त्यावर बंद पडायची ती पडतेच. पाण्याचा पंप काढायचा झाला तर हाच बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून पंप, टेन्शनर आणि पुढचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

इंजिनच्या मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीलगत, कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर असतो. त्याची रबरी रिंग कडक होऊन ऑइल गळते आणि ते खालच्या हीटरच्या होज पाइपांवर पडून त्यांना फुगवते. गाडीखाली ऑइल दिसले की पुष्कळ मेकॅनिक क्रँकच्या मागच्या सीलवर बोट ठेवतात आणि गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. त्याआधी ही काही पेन्सची रिंग आणि कॅम कव्हरचे गॅस्केट बदलून पाहावे. जागा अडचणीची आहे, हात सोलवटतात, पण काम अवघड नाही. सेन्सर काढण्यापूर्वी त्याची नेमकी स्थिती खुणेने टिपून ठेवावी, कारण तो थोडा जरी फिरला तरी इग्निशनचे टायमिंग बदलते.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते. तिचा रंग तपकिरी किंवा हिरवट झाला असेल तर ते प्लास्टिक ठिसूळ झाले आहे आणि एखाद्या गरम दिवशी तडकणार आहे. रेडिएटर, दोन्ही होज पाइप आणि थर्मोस्टॅट असा संच एकत्र बदलावा. क्लचचा पाय एके दिवशी मऊ लागू लागला आणि गिअर पडेनासे झाले तर क्लच प्लेट गेली असे समजण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पायाचा दाब द्रवावाटे क्लचपर्यंत पोहोचवणारा भाग, पाहावा. तो या गाडीत हमखास गळतो, स्वस्त आहे, आणि बदलताना वरचा मास्टर सिलिंडरही बदलला तर काही महिन्यांनी पुन्हा तेच काम करावे लागत नाही.

पेट्रोलविषयी एवढेच: सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना व सीलना हितकारक नाही. पाच टक्क्यांचे सुपर पेट्रोल थोडे महाग पडते, पण वर्षाकाठी दोन-तीन हजार मैल चालणाऱ्या गाडीत हा फरक मनाला लावून घेण्याइतका नाही.

ब्रेक, सस्पेन्शन, टायर

गाडी उचलताना जॅक सिलच्या पातळ कडेवर लावला तर ती कड दुमडते आणि तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. ट्रॉली जॅक पुढे क्रॉसमेंबरखाली (सांगाड्याच्या आडव्या तुळईखाली) आणि मागे डिफरन्शियलच्या घडीव भागाखाली लावावा, आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. दोन्ही बाजूंना स्टँड लावलेच पाहिजेत.

मागील कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हा या गाडीचा ब्रेकमधील कच्चा दुवा आहे. हँडब्रेक फार वर येत असेल तर लोक केबल आवळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. खरे समायोजन कॅलिपरच्या मागे आहे: १४ मिलिमीटरचा एक बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा स्क्रू दिसतो. पॅड डिस्कला लागेपर्यंत तो आवळावा आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यावा. स्क्रू फिरतच नसेल किंवा पिस्टन अडकत असेल तर दुरुस्त करून मिळणारा कॅलिपर आणून बसवावा. ब्रेक फ्लुइड डॉट-४ प्रतीचे घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे.

या गाडीचे सगळे कौतुक ज्या वळण्याच्या गुणासाठी होते, तो गुण सस्पेन्शनच्या सांध्यांतील तीस वर्षांच्या कडक रबरी बुशांत आणि थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये हरवून गेलेला असतो. अशी थकलेली गाडी चालवून ‘एवढे काय त्यात’ असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले आहेत. शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश बदलण्याचा खर्च जड वाटला तरी अलाइनमेंट तरी जाणकाराकडून चारही चाकांचे करून घ्यावेच, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या, सर्व चाकांचे कोन बदलता येतात आणि बहुतेक गाड्यांत ते वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसतात. रस्त्यावरच्या वापरासाठी पुढे साधारण एक अंश आणि मागे दीड अंश उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आणि चाके किंचित आत वळलेली, ही सर्वमान्य मांडणी आहे. अडचण एकच: हे कोन ठरवणारे लांब बोल्ट बुशांच्या आतल्या नळीत गंजून बसतात. अलाइनमेंटची वेळ ठरवण्यापूर्वी काही दिवस त्यांच्यावर गंज सैल करणारे तेल मारत राहावे, आणि तरीही हलले नाहीत तर ते कापून नवे घालण्याची तयारी ठेवावी.

टायर मूळ मापाचेच, म्हणजे १८५/६० आर१४, चांगल्या कंपनीचे आणि चारही सारखे घ्यावेत. दाब २६ पीएसआय ठेवावा; पेट्रोल पंपावरचा माणूस किंवा एखादा अनुभवी नातेवाईक बत्तीस-चौतीस भरायला सांगेल, पण एक टनाहून हलक्या गाडीला तेवढा दाब लागत नाही आणि ती ओल्या रस्त्यावर घसरट होते. चाकांच्या नटांना टॉर्क पान्याने ८८ ते ११८ न्यूटन-मीटर या मर्यादेत आवळावे. सतरा इंची मोठी चाके बसवण्याचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे; त्यांनी गाडी जड होते आणि खड्डे मणक्यापर्यंत पोहोचतात.

छत आणि रंग

पहिल्या पिढीच्या छतात मागची खिडकी प्लास्टिकची आणि चेनने उघडणारी आहे. छत मागे टाकण्यापूर्वी ती चेन उघडून खिडकी सपाट निजवावी, नाहीतर तिला घडी पडून चीर जाते, आणि कडाक्याच्या थंडीत तर छत उघडूच नये, कारण गारठलेले प्लास्टिक मोडते. नवे छत घ्यायचे झाल्यास काचेच्या खिडकीचे मिळते. व्हिनाइल स्वस्त, कापडी मोहेअर महाग पण दिसायला आणि टिकायला सरस. बसवण्याचे काम घरी करता येते, मात्र मागची पन्हाळ अखंड राहिली पाहिजे, नाहीतर वर सांगितलेले पाण्याचे सगळे प्रकरण नव्याने सुरू होते.

लाल रंगाच्या पहिल्या पिढीच्या गाड्या उन्हाने गुलाबी पडतात. त्यांना लगेच रंगवू नये. मशीन पॉलिशने वरचा मेलेला थर काढला की खालचा लाल रंग बहुधा पुन्हा उजळतो, आणि त्यावर मेण दिले की तो टिकतो. खिडक्या सावकाश वरखाली होत असतील तर दारातील केबल आणि रुळांना ग्रीस लावावे. वर उघडणारा हेडलाइट अडला तर बॉनेटखाली त्याच्या मोटरवर हाताने फिरवायची मूठ असते, ती कुठे आहे हे अंधार पडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

गाडी चालवणे

दुरुस्तीच्या काळात गाडी पूर्ण उघडून ठेवू नये. एका वेळी एक काम काढावे, ते संपवावे आणि गाडी चालवून पाहावी, म्हणजे कोणत्या कामाने काय फरक पडला हे कळते आणि उत्साहही टिकतो. कर आणि विमा न भरता गाडी आवारात ठेवायची असेल तर ती रस्त्यावर नसल्याची, म्हणजे सॉर्न, नोंद करणे कायद्याने आवश्यक आहे.

सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद जेमतेम ११५ अश्वशक्ती आहे; १९९५ नंतर ब्रिटनमध्ये विकलेल्या १.६ लिटरच्या स्वस्त आवृत्तीत तर ती ९० च आहे. आजची एखादी साधी कौटुंबिक गाडीही सरळ रस्त्यावर हिला मागे टाकते, आणि म्हणून टर्बो बसवण्याचे खूळ डोक्यात येते. ते येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे. हिचा आनंद वळणाआधी गिअर उतरवण्यात, चाकांचा रस्त्याशी चाललेला संवाद स्टिअरिंगमधून हातात येण्यात आणि कायद्याच्या ६० मैलांच्या मर्यादेतही इंजिन पूर्ण फिरवता येण्यात आहे. चेशरमधील मॅकल्सफील्ड ते डर्बीशरमधील बक्स्टन हा ए-५३७ रस्ता वळणांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आणि ५० मैलांची मर्यादा आहे. यॉर्कशरमधील हॉझ आणि थ्वेट यांना जोडणारी बटरटब्स खिंड अरुंद, उघडी आणि सकाळी लवकर गेल्यास जवळजवळ निर्मनुष्य असते. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट खिंडीत चढ एकास तीन आहे आणि तिथे ब्रेक व क्लच या दोन्हींच्या कामाची परीक्षा होते. आंबेनळी किंवा ताम्हिणी घाटात गाडी चालवण्याची सवय असलेल्याला या रस्त्यांची रुंदी अडचणीची वाटणार नाही, पण वळणाआड रस्त्यात निवांत उभ्या असलेल्या मेंढ्यांचा अंदाज मात्र नव्याने शिकावा लागतो.

छत उघडे ठेवून हिवाळ्यातही चालवता येते. दोन्ही काचा वर घ्याव्यात, हीटर पायांकडे सोडावा आणि डोक्याला कानटोपी घालावी. सीटमागे जाळीचा वारारोधक लावला तर पाठीमागून येणारा गारठा पुष्कळ कमी होतो. ट्रॅकवर जायचे असल्यास मूळ गाडीत उलटल्यावर डोके वाचवणारा रोल बार नसतो हे लक्षात घ्यावे. काही ठिकाणी उघड्या गाडीला तो सक्तीचा आहे, आणि नसला तरी बसवावा. नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरचे नुकसान सहसा धरलेले नसते. कमी मैल चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी ठरावीक किमतीचा क्लासिक विमा घेतला तर अपघातानंतर ‘जुनी गाडी’ म्हणून नाममात्र रक्कम हातावर टेकवली जाण्याचा धोका टळतो. त्यासाठी वेल्डिंगची बिले आणि फोटो जपून ठेवावेत.

मीठ पडू लागले की गाडी उभी करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आधी तिचा तळ आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्याव्यात, टाकी भरावी, टायरमध्ये थोडी अधिक हवा ठेवावी आणि बॅटरीला सावकाश भरणारा चार्जर जोडावा. हँडब्रेक ओढून ठेवू नये, चाकांना अडण्या लावाव्यात, म्हणजे मागील कॅलिपर चिकटत नाहीत. छत वर चढवून आणि खटक्यांनी बंद करूनच गाडी झाकावी, कारण चार महिने घडी घालून ठेवलेले छत मार्चमध्ये उघडताना आखडलेले आणि खिडकीवर चरे पडलेले निघते.